दुसरी गाडी घ्यायचीच असेल तर पहिलीसारखी घेऊ नका

"बसणारा माणूस एक, मग गाड्या तीन कशाला?" मोटरसायकलचं वेड असलेल्या घरात हा प्रश्न कधी ना कधी येतोच. त्यावर बहुतेक जण "हौस आहे" म्हणतात आणि तिथेच हरतात. हौस म्हटली की ती आवरती घ्या असं सांगायला समोरचा मोकळा. खरं तर ह्या प्रश्नाला धड उत्तर आहे. अडचण एवढीच की त्या उत्तराने दुसरी गाडी पटवून देता येते, पण तिसरी बहुतेक वेळा विकावी लागते.

सुरुवात पुढच्या फोर्कपासून, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दोन नळ्यांपासून करू. फोर्क सरळ उभा नसतो, थोडा कललेला असतो. स्पोर्ट्स गाडीत हा कल साधारण २३ ते २५ अंशांचा, क्रूझरमध्ये तो ३० च्या आसपास किंवा पुढे. कल कमी आणि व्हीलबेस (दोन चाकांमधलं अंतर) आखूड असेल तर गाडी वळणात चटकन झुकते. कल जास्त आणि गाडी लांब असेल तर सरळ रस्त्यावर हँडलकडे बघावंही लागत नाही, पण अरुंद गल्लीत यू-टर्न घ्यायचा म्हटलं की दोन्ही पाय खाली टेकवत, तीनदा मागे-पुढे करत घ्यावा लागतो. वळणावर चपळ आणि सरळ रस्त्यावर निवांत असे दोन्ही गुण पुरेपूर देणारा कोन कुणाला सापडलेला नाही. इंजिनिअर मधला कुठलातरी आकडा निवडतो आणि तिथे गाडीचा स्वभाव ठरतो.

चाकाचंही तेच. डांबरी रस्त्याच्या गाडीला पुढे १७ इंची रुंद चाक, मातीतल्या गाडीला २१ इंची अरुंद. मोठं चाक दगडावर चढताना कमी कोनात चढतं, म्हणून खड्ड्यात धडकण्याऐवजी वरून जातं. अरुंद टायर चिखल कापत खालच्या घट्ट जमिनीपर्यंत पोचतो. पण तेच २१ इंची चाक घाटातल्या वळणावर आळशी वाटतं. फिरणारं मोठं चाक आपली दिशा सोडायला तयार नसतं, आणि अरुंद टायरवर पुढचा ब्रेक किती दाबायचा याचा अंदाज घेतच जावं लागतं. त्यात सस्पेन्शन लांब असलं तर ब्रेक मारताच गाडी नाक खुपसते.

आता कुणीतरी म्हणेलच, "अहो, हल्ली मोड असतात की!" म्हणजे बटण दाबून गाडीचा स्वभाव बदलायची सोय. असतात. त्या मोडांची गोष्ट मला फार आवडते. २०१० मध्ये इटलीच्या डुकाटीने मल्टिस्ट्राडा १२०० ही गाडी आणली, ती 'एकात चार मोटरसायकली' अशा जाहिरातीसकट. स्पोर्ट, टुरिंग, अर्बन आणि एंड्युरो (कच्च्या रस्त्यासाठी) असे चार मोड. पहिल्या दोनांत दीडशे हॉर्सपॉवर, उरलेल्या दोनांत शंभर. मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल मोडप्रमाणे बदलायचं, महागड्या मॉडेलमध्ये सस्पेन्शनसुद्धा. गाडी जबरदस्त होती, वाद नाही. पण एंड्युरोचं बटण दाबलं तरी खाली चाकं १७ इंचीच होती. बटणाने इंजिन मवाळ होतं, चाक मोठं होत नाही. शेवटी २०१६ मध्ये त्याच कंपनीने मल्टिस्ट्राडा १२०० एंड्युरो नावाची वेगळी गाडी काढली: पुढे १९ इंची तारांचं चाक, सस्पेन्शनला २०० मिलिमीटरची हालचाल, तीस लिटरची टाकी. चार गाड्यांपैकी एक बटणात मावत नव्हती हे बनवणाऱ्यांनीच मान्य केलं.

पण कोन, चाक, मोड यांच्याहून मोठी गोष्ट म्हणजे वजन, आणि सगळ्यांत कमी बोललं जातं ते त्याच्याबद्दलच.

बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस १९८० मध्ये आली आणि मोठ्या ॲडव्हेंचर गाड्यांचं, म्हणजे हायवे आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीच्या गाड्यांचं पर्व सुरू झालं असं मानतात. ती गाडी दोनशे किलोच्या आत होती. तिच्याच वंशातली आर १२५० जीएस तयार अवस्थेत २४९ किलो भरते, त्यावर लोखंडी गार्ड आणि तीन पेट्या लावल्या की पुढचं विचारू नका. हायवेवर हे वजन सुख देतं. शेजारून ट्रक गेला तरी गाडी हलत नाही, मागे माणूस आणि सामान असूनही सस्पेन्शन कुरकुरत नाही. मी अशा गाडीवर बसून उतरलो की मलाही वाटतं, बस्स, हीच.

मग ओढा येतो. ओढ्यातून बाहेर पडताना काठाला चिकणमाती असते. मी डोळ्यांदेखत पाहिलेला प्रसंग असा: मोठी ॲडव्हेंचर गाडी, चालवणारा चांगला कसलेला, पण मागचं चाक जरासं घसरलं, आधारासाठी उजवा पाय टेकवला तो चिखलात गेला, आणि गाडी अगदी सावकाश, जणू विचार करून, उजवीकडे आडवी झाली. पडलेली जड गाडी उचलायची रीत आहे. आधी गिअर टाकायचा म्हणजे ती घरंगळत नाही. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, नाहीतर उभी केलेली गाडी पलीकडे पडते. मग गाडीकडे पाठ करून खाली बसायचं, एका हातात हँडल, दुसऱ्यात मागचा ग्रॅब रेल, आणि कंबर न वाकवता पायांच्या जोरावर मागे मागे चालत ती उभी करायची. कोरड्या जागी एकटा माणूस हे करू शकतो. त्या चिकणमातीत त्याचे बूट पुढेच सरकत होते. आम्ही तिघे लागलो तेव्हा गाडी उभी राहिली, आणि पुढे अजून दोनदा तेच झालं. त्याच काठावरून दोनशे सीसीची एक सिंगल सिलिंडर गाडी पोरगेलासा स्वार पाय मारत मारत वर घेऊन गेला. ती गाडी पडली असती तरी त्याने एका हाताने उचलली असती.

वाळवंटातल्या डकार रॅलीतही हेच वर्तुळ दिसतं. १९७९ ची पहिली पॅरिस-डकार सिरिल नव्हने यामाहा एक्सटी ५०० वर जिंकली, म्हणजे साध्यासुध्या सिंगल सिलिंडरवर. नंतर मोठ्या ट्विन्सचा (दोन सिलिंडरवाल्यांचा) जमाना आला, वेग भलताच वाढला. शेवटी सुरक्षिततेपायी इंजिनाला मर्यादा घातली गेली आणि २०११ पासून सगळ्यांसाठी ती ४५० सीसी झाली. शोरूममध्ये मात्र 'डकार'चं स्वप्न आजही त्याच्या दुपटीहून मोठ्या इंजिनावर विकलं जातं.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर हलक्या गाडीचे भक्त खूश होऊन इथेच वाचणं थांबवतील. दोनशे सीसीची ऑफरोड गाडी घेऊन दिवसभर हायवेवर चालून बघा. हिरोच्या एक्सपल्स २०० सारखी गाडी मातीत सोनं आहे: २१ इंची पुढचं चाक, १८ इंची मागचं, २२० मिलिमीटर ग्राउंड क्लिअरन्स, वजन दीडशेच्या आसपास. पण हायवेवर शंभरच्या काट्याला ती दम लागलेली असते. ओव्हरटेक करायला हाताशी काहीच उरलेलं नसतं. ट्रक दिसला की आधी मोकळा पट्टा बघायचा, मग उताराची वाट बघायची, मग वाकायचं. दुपारपर्यंत हाताला मुंग्या येतात, अरुंद सीट बोचायला लागते, आणि संध्याकाळी हातमोजे काढल्यावरही तळव्यात इंजिन चालूच असतं. त्याच रस्त्यावर रॉयल एनफिल्डच्या इंटरसेप्टरसारखी ६४८ सीसीची ट्विन टॉप गिअरमध्ये टाकून माणूस देखावा बघत जातो. मातीत तिला नेणाऱ्यांचे व्हिडिओ मी पाहिले आहेत. त्यांच्या हिमतीला सलाम, सायलेन्सरबद्दल सहानुभूती.

म्हणून माझं मत असं: गाड्या दोन असाव्यात आणि त्या एकमेकींपासून शक्य तितक्या लांब असाव्यात. एक हलकी, वाईट रस्त्याची, पडली तरी हसत उचलता येईल अशी. दुसरी अंतर कापणारी. लोक नेमकं उलटं करतात. दीडशे सीसीची नेकेड (इंजिन उघडं दिसणारी रस्त्यावरची गाडी) असते, म्हणून चारशेची नेकेड घेतात, मग साडेसहाशेची, आणि आधीच्या भावनेपोटी विकत नाहीत. दुसरी गाडी पहिलीची थोरली बहीण असली की दोघींचं काम एकच, आणि धाकटी कव्हरखाली जाते. तिला बाहेर काढायला कारणच उरत नाही. माती आणि हायवे अशी वाटणी असेल तर रस्ता निवडला की गाडी आपोआप ठरते, दारात उभं राहून विचार करावा लागत नाही.

रोजच्या धावपळीसाठी तिसरी हवी का? हलकी गाडीच ते काम करते, आणि उंच बसल्यामुळे ट्रॅफिकवरून बघता येतं हा वरचा फायदा. ज्यांना ते जमत नाही त्यांनी बिनधास्त स्कूटर घ्यावी. स्कूटरसारखीच कामाची, होंडाची छोटी सुपर कब १९५८ मध्ये आली आणि २०१७ पर्यंत तिचं उत्पादन दहा कोटींचा आकडा पार करून गेलं. तिच्यावर कुणी गुडघा घासत वळण घेतलं नाही. ट्रॅकची गाडी हा मात्र वेगळा विषय आहे. रेसट्रॅकवर नियमित जात असाल तर घ्या. वर्षातून एकदा जाणार असाल तर मनगटांवर भार टाकून वर्षभर सिग्नलला उभं राहणं ही शिक्षा आहे.

आता खर्चाचं. पैशांचा खर्च सगळे मोजतात, लक्षाचा कुणी मोजत नाही. उभी गाडी झिजत नाही असा समज आहे, आणि तो धादांत चुकीचा आहे. डॉट ४ ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी शोषतं, म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं, गाडी चालो न चालो. इंजिन ऑइल वर्षाकाठी. टायरच्या कडेला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २३१९ लिहिलं असेल तर टायर २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. नक्षी कोरी करकरीत दिसते, पण रबर कडक झालेलं असतं आणि पहिल्या पावसात ते कळतं. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल ओल धरतं. कार्ब्युरेटरवाली गाडी महिनोन् महिने तशीच ठेवली तर जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रांत) चिकट थर बसतो, सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते आणि दोष बॅटरीला जातो. बॅटरी भरलेली ठेवणारा मेंटेनर लावा, नाहीतर निदान निगेटिव्ह वायर काढून ठेवा. आणि कृपा करून "मी रविवारी स्टँडवर पाच मिनिटं चालू करतो" असं अभिमानाने सांगू नका. पाच मिनिटांत इंजिन पुरतं तापत नाही, आत तयार झालेलं पाणी ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये तसंच राहतं, आणि सेल्फने खाल्लेली बॅटरी भरून निघत नाही. गाडी बाहेर काढून अर्धा तास पळवा, नाहीतर हात लावू नका.

हे सगळं दोन गाड्यांचं नीट होतं. तीन झाल्या की एकीचा इन्शुरन्स हमखास विसरला जातो. चारच्या पुढे माणूस स्वार कमी आणि गॅरेजवाला जास्त होतो. तेही सुख आहे, मी नाकारत नाही. जुन्या गाड्या जपणाऱ्यांची जात वेगळी आणि त्यांना हे गणित लागू नाही.

एक धोका मात्र खरा आहे. हात-पाय शेवटच्या गाडीची सवय घेऊन पुढच्या गाडीवर बसतात. जुनी बुलेट बाळगणाऱ्यांना विचारा: गिअर उजव्या पायाशी, मागचा ब्रेक डाव्या. १९७० च्या दशकाच्या मध्यात अमेरिकेने डावा गिअर सक्तीचा केला आणि हळूहळू जगभर तीच पद्धत पडली, पण त्या बुलेटी अजून धावतात. डोक्याला फरक माहीत असतो, पण समोर अचानक कुत्रं आलं की पाय डोक्याला विचारत नाही. इतका टोकाचा फरक नसला तरी एका गाडीला एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) आहे आणि दुसरीला नाही, एवढंही पुरतं. गाडी बदलली की पहिली दहा मिनिटं मी मुद्दाम हळू जातो आणि मोकळा रस्ता बघून दोनदा ब्रेक लावून पाहतो. मागून हॉर्न वाजतात, वाजू देत.

ह्याच बदलाचा नफाही आहे. सैल मातीत मागचं चाक घसरतं ते सावकाश, आणि घसरलं की घाबरायचं नाही हे शरीर शिकतं. रेसर केनी रॉबर्ट्स १९७८, १९७९ आणि १९८० असा सलग तीनदा ५०० सीसी मोटरसायकल रेसिंगचा विश्वविजेता झाला, तो अमेरिकेच्या मातीच्या ओव्हल ट्रॅकवर घडलेला. रेसर व्हॅलेंटिनो रॉसीने इटलीतल्या ताव्हुल्याला आपल्या रँचवर मातीचाच ट्रॅक बांधला. आपल्याला कुणी विश्वविजेता करणार नाही, पण पावसात डांबरावर सांडलेल्या डिझेलवरून जाताना मातीतली ती सवय उपयोगी पडते. हँडल आवळून धरायचं नाही, थ्रॉटल एकदम सोडायचा नाही, नजर लांब.

"आणि एकच ठेवायची झाली तर?" हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच, म्हणून आत्ताच सांगतो. मी हलकी ठेवीन. तिला चाकांचा दुसरा संच करीन, १७ इंची, डांबरी टायरवाला. मातीच्या गाडीला डांबरी चाकं लावून पळवणारे सुपरमोटोवाले हेच करतात. डिस्क आणि स्पेसर नीट जुळवून घ्यावे लागतात, लहान चाकामुळे गाडीची उंची आणि स्पीडोमीटरचा आकडाही बदलू शकतो, पण शनिवारी दुपारी बसून होणारं काम आहे. लांब जायचं असेल तेव्हा मागचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चक्र) दोन दातांनी लहान लावीन, म्हणजे त्याच वेगाला इंजिन जरा कमी ओरडेल. आणि ट्रकवाल्यांना पुढे जाऊ देईन.