तिसरं मूल आणि सरपंचपद

ग्रामपंचायतीच्या अर्जांची छाननी कधी तहसीलमध्ये उभं राहून बघा. विरोधी पॅनेलचा माणूस खिशातून जन्मदाखल्याची नक्कल काढतो, तिसऱ्या मुलाची तारीख 12 सप्टेंबर 2001 नंतरची निघते, आणि बाईंचा अर्ज बाद. कुणाच्या घरात पाळणा कितव्यांदा हलला याचा हिशेब भावकीनं चोख ठेवलेला असतो.

दोनपेक्षा जास्त अपत्यं असतील तर स्थानिक निवडणूक लढवता येत नाही, या अटीवर माझा राग जुना आहे. स्थानिक संस्थांत निम्म्या जागा बायकांना राखून ठेवायच्या, आणि घरात ज्या बाबतीत तिला कुणी विचारत नाही त्याच कारणावरून तिला घरी बसवायचं! दोन मुलींवर थांबायचं की मुलगा होईपर्यंत वाट बघायची, हे ठरवतात सासू-सासरे आणि नवरा. (नवराही अपात्र ठरतो, मान्य. पण निर्णयात त्याचा शब्द तरी असतो.)

सरकारनं लग्न-संसारात अजिबात नाक खुपसू नये, असं मी म्हणत नाही. बालविवाह रोखायलाच हवेत, कारण तिथे पोरीला नाही म्हणायची सोयच नसते. पण कुणाला किती मुलं व्हावीत हे सरकारचं काम नव्हे. आणीबाणीत, 1976 साली, आपल्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूरसुद्धा केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो. याच मुंबईत 1921 साली र. धों. कर्व्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं, कुणावर सक्ती न करता. त्यांच्या वाट्याला मात्र अश्लीलतेचे खटले आले.

आणि आता भीती कसली? 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर (एका बाईमागे सरासरी मुलं) 1.7 आहे, म्हणजे लोकसंख्या स्थिर राहायला लागणाऱ्या 2.1 च्याही खाली. आंध्रानं हीच अट 2024 मध्ये काढून टाकली, आणि तिथले मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आता जास्त मुलं होऊ द्या म्हणताहेत. तेही मला पटत नाही, पण निदान अट तरी गेली.

सुप्रीम कोर्टानं 2003 साली हरियाणाच्या जावेद खटल्यात ही अट वैध ठरवली, हे ठाऊक आहे. वैध असेल. मग सरपंचाला लागू असलेली अट आमदार-खासदारांना का नाही? त्यांनाही लावून दाखवा. पुढच्याच अधिवेशनात रद्द होते की नाही बघा.