‘सगळा काळाच पाषाण, मग जिऑलॉजी कशाला?’

सिव्हिलच्या मुलांच्या ग्रुपांवर एक मेसेज दर परीक्षेच्या तोंडावर उगवतो. शब्द बदलतात, गाभा तोच. “जिऑलॉजी म्हणजे दगडांची नावं पाठ करणं. महाराष्ट्रात सगळीकडे काळा पाषाण, त्याहून पक्का पाया कुठला? बोअर मारले की सगळं कळतं, कापायला मशीन आहे आणि अडलंच तर जिऑलॉजिस्ट बोलावता येतो.” यंदा तो मला सख्ख्या भाच्याने पाठवला, खाली हसणारे तीन चेहरे जोडून. ज्या मामाची पाठ बोअरमधून काढलेल्या दगडांच्या पेट्यांवर वाकून गेली आहे, त्याला असलं काही पाठवू नये.

नावं पाठ करण्याची तक्रार खरी आहे. काचेच्या कपाटात नंबर चिकटवलेले नमुने असतात आणि पोरं दगड ओळखायच्या ऐवजी नंबर ओळखतात. मीही तेच केलं होतं. तेव्हा हा मुद्दा भाच्याला दिला.

आता ‘सगळीकडे काळा पाषाण’. हा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, हा थिजलेला लाव्हा. दख्खनचा हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर असा पसरला आणि आजही त्याने पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास जमीन व्यापली आहे. पण हे थर एका साच्यातले नाहीत. हे कळायला इंजिनिअर व्हावं लागत नाही, विहीर खणणाऱ्याला विचारा. वर मुरूम, खाली पाषाण, मग मांजऱ्या, मध्येच गेरू, असं तो तोंडपाठ सांगेल. मांजऱ्या म्हणजे लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्यांची भोकं पुढे पांढऱ्या-हिरव्या खनिजांनी भरली तो खडक. गेरू म्हणजे लाव्हाच्या दोन थरांमधला तांबडा मातकट पट्टा. कोरडा असताना तो नखाला दाद देत नाही. त्याचा सुपारीएवढा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकून बघा. आधी कडेने बारीक बुडबुडे येतात, मग पापुद्रे सुटतात आणि चहा पिऊन परत येईपर्यंत बऱ्याचदा तळाशी लाल चिखल उरतो. हाच पट्टा बोगद्याच्या छतात आला आणि त्याला पाणी लागलं, की वरचा पाषाण कितीही टणक असो, तो त्या पट्ट्यावरून सुटतो. पाषाण कुठे संपतो आणि त्याच्याखाली काय आहे, कामाचा प्रश्न एवढाच असतो.

आणि ‘सगळीकडे’ तरी कुठे? मुंबईतच अंधेरीला गिल्बर्ट हिलचे उभे खांब आहेत, तर वरळीला लाव्हाच्या थरांमध्ये तळ्याच्या गाळाचा शेल, म्हणजे पापुद्र्यांचा मऊ खडक आहे. त्यात बेडकांचे जीवाश्म सापडले आहेत! गडचिरोली-भंडाऱ्याकडे तर बहुतेक भागात लाव्हाच नाही.

‘बोअर मारले की कळतं’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त खुपतं. दीड मीटर ड्रिल केलं, नळीतून दगडाचे तुकडे निघाले. त्यातले दहा सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकडे मोजायचे. त्यांची बेरीज ९० सेंटिमीटर आली, तर आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे ते सांगणारा आकडा, ६० टक्के. गणित सातवीचं. आता गंमत बघा. गेरूचा थर ड्रिलच्या पाण्याबरोबर वाहून जातो आणि पेटीत येतच नाही. पोरगं उरलेले तुकडे पेटीत एकमेकांना चिकटवून छान लावून ठेवतं आणि जो थर घात करणार, तो लॉगमध्ये, म्हणजे बोअरच्या नोंदीत, नुसती रिकामी जागा म्हणून येतो किंवा तेवढाही येत नाही. दुसरीकडे, गिल्बर्ट हिलसारख्या खांबांच्या खडकात भेगा उभ्या असतात आणि आपला बोअरही उभाच. तो एका खांबाच्या पोटातून सरळ खाली जातो, भेग त्याला भेटतच नाही. आरक्यूडी ९० येतो, साइटवर पेढे वाटले जातात. तिथे बोअर तिरका घ्यायला हवा हे ज्याला सुचतं, त्याने जिऑलॉजी नुसती पाठ केलेली नसते.

मशीनचं थोडक्यात. कोकण रेल्वेचा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा, बेसाल्टमधला. गोव्यातला पेडण्याचा जेमतेम दीड किलोमीटरचा. घाम कुणी फोडला? पेडण्याने. कारण तिथे कापायला दगडच नव्हता. पाण्याने भरलेली मऊ माती होती, उपसावी तेवढी पुन्हा आत येणारी. २०२४च्या जुलैत त्याच बोगद्यात चिखलपाणी शिरलं आणि गाड्या अडकल्या. खडक फोडायची यंत्रं आपल्याकडे आहेतच. माती जागेवर धरून ठेवायची असेल, तर ती कुठे लागणार आहे हे आधी कळावं लागतं.

गेट या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेच्या सिव्हिलच्या पेपरात हा स्वतंत्र विषय नाही, असंही कुणीतरी खाली लिहिलं होतं. नाही, मान्य.

राहिला शेवटचा मुद्दा, जिऑलॉजिस्ट बोलावू. जरूर बोलवा, आमची पोटं त्यावरच चालतात. पण इटलीतल्या वायोंत धरणावर जिऑलॉजिस्ट होतेच की. मुख्य अभियंता कार्लो सेमेन्झा यांचा मुलगा एदोआर्दो स्वतः भूवैज्ञानिक होता. डाव्या काठावरच्या डोंगरात पुरातन काळी घसरलेला प्रचंड ढिगारा आहे आणि तो पुन्हा हलू शकतो, हे त्याने जलाशय भरत असतानाच्या काळात सांगितलं होतं. १९६० साली त्या उतारावर इंग्रजी एम अक्षरासारखी लांबलचक भेगही पडली. पुढे पाणी चढव-उतरव करून घसरण ताब्यात ठेवता येईल, असा हिशोब मांडला गेला. ९ ऑक्टोबर १९६३च्या रात्री सुमारे २७ कोटी घनमीटर डोंगर एका झटक्यात जलाशयात आला. पाणी धरणाच्या माथ्यावरून उसळून खालच्या लाँगारोने गावावर पडलं, सुमारे दोन हजार माणसं गेली.

२६० मीटरहून उंच असलेल्या त्या धरणाच्या काँक्रीटचं गणित मात्र चोख होतं. माथ्यावरचं थोडं बांधकाम सोडलं, तर भिंतीला काही झालं नाही. ती आजही उभी आहे. मागे पाण्याच्या जागी तो डोंगर पडलेला आहे आणि त्यावर आता झाडं वाढली आहेत.