म्हणे खरी बकेटच पाहिजे

आठवडाभर डेव्हलपरांच्या ग्रुपांवर एकच फॉरवर्ड फिरतोय: "एस-थ्री लोकलवर सिम्युलेट करणं म्हणजे टाइमपास. खरी बकेट स्वस्त आहे, टेस्ट तिच्यावरच चालवा. अगदीच हौस असेल तर साधा फोल्डर वापरा. नाहीतरी लोकलवर पास झालेलं प्रोडक्शनला पडतंच." (एस-थ्री म्हणजे ॲमेझॉनची फाइली ठेवायची ऑनलाइन जागा, बकेट म्हणजे तिच्यातला आपला कप्पा, आणि लोकलवर म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर तिची नक्कल चालवून.) तीन लोकांनी मलाच पाठवला, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

स्वस्त आहे, मान्य. मुंबई रीजनमध्ये दोन जीबी महिनाभर ठेवायला कटिंगपेक्षा कमी पैसे पडतात. पण मल्टिपार्ट अपलोड, म्हणजे मोठी फाइल तुकड्यातुकड्यांनी चढवणं, अर्धवट असताना टेस्ट मेली की आधी चढलेले पार्ट तिथेच पडून राहतात, नेहमीच्या लिस्टिंगमध्ये दिसत नाहीत आणि बिल मात्र चालू, लाइफसायकल रूल (ठरावीक दिवसांनी आपोआप पुसायचा नियम) लावलेला नसेल तर कोणाला पत्ताही लागत नाही. आणि खरा त्रास पैशांचा नाहीच. आमच्याकडे टेस्टची बकेट सगळ्यांची एकच होती, एकाची टेस्ट संपली की साफसफाईत दुसऱ्याच्या फाइली पण उडायच्या, मग दोघंही तासभर आपापल्या कोडमध्ये बग शोधत बसायचे. आता प्रत्येकाच्या लॅपटॉपवर डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कंटेनरमध्ये चालवायचं साधन) मिनिओ आहे, एस-थ्रीसारखंच बोलणारा सर्व्हर, ९००० पोर्टवर, काय उडवायचं ते उडव बाबा. रात्री उशिराच्या डोंबिवली लोकलला बसायला मिळतं, मुंब्र्याला हॉटस्पॉट गेला तरी माझ्या टेस्ट चालू असतात.

फोल्डरवाला सल्ला तर कहर आहे. एस-थ्रीत फोल्डर नसतातच, असते ती फक्त 'की', म्हणजे ऑब्जेक्टचं (ठेवलेल्या फाइलचं) पूर्ण नाव, त्यामुळे 'रिपोर्ट' नावाचं ऑब्जेक्ट आणि 'रिपोर्ट/जुलै' दोन्ही एकत्र सुखाने नांदतात, डिस्कवर एकाच नावाची फाइल आणि फोल्डर शेजारी ठेवून बघा. लिस्ट मागितली की एका वेळी जास्तीत जास्त १००० की येतात, फोल्डर सगळ्या देऊन मोकळा. आमच्या कोडमध्ये पुढचं पान मागायचंच राहिलं होतं, मिनिओत १२०० फाइली टाकल्या तेव्हा २०० गायब दिसल्या, फोल्डरवर जन्मात कळलं नसतं. मल्टिपार्टमध्ये शेवटचा सोडून प्रत्येक पार्ट किमान ५ एमबीचा लागतो, हे फोल्डर कुठून सांगणार?

तिसरा मुद्दा, लोकलवर पास झालेलं प्रोडक्शनला (खऱ्या वापरात) पडतं, अर्धा खरा आहे. लोकलस्टॅक (ॲमेझॉनच्या सेवांची लॅपटॉपवर चालणारी आणखी एक नक्कल) स्वतःहून आयएएमच्या, म्हणजे कोणाला काय करता येईल ते ठरवणाऱ्या ॲमेझॉनच्या व्यवस्थेच्या, परवानग्या तपासत नाही, त्यामुळे पॉलिसी चुकलेली असली तरी तिथे सगळं हिरवंगार. कंटेनरमधल्या ॲपने 'मिनिओ:९०००' या पत्त्यावर प्रीसाइन्ड लिंक (आधीच सही केलेली, काही वेळच चालणारी लिंक) बनवली आणि ब्राउझरसाठी तिच्यात 'लोकलहोस्ट' घातलं की सही जुळत नाही, कारण सहीत होस्टचं नाव पण असतं, यात माझी एक अख्खी दुपार गेलीय. पण म्हणून सगळंच फेकायचं? परवानग्यांच्या पाच-सहा टेस्ट आम्ही मर्जच्या (कोड मुख्य कोडमध्ये मिसळायच्या) आधी खऱ्या बकेटवर चालवतो, बाकीच्या शेकडो लोकलवर.

आणि हो, अपलोड मध्येच अडकला तर रीट्राय नीट होतो का, हे बघायला मी डॉकरमधला मिनिओ पॉज करतो. ॲमेझॉनला पॉज कसं करायचं ते फॉरवर्डवाल्याने सांगावं.