पॉवर सप्लाय आणि ‘८० प्लस गोल्ड’ : एक खुलासा

‘नवा प्रोसेसर १२५ वॅटचा असेल, तर गोल्डची खूण असलेला जुना ४५० वॅटचा पॉवर सप्लाय डोळे झाकून चालवा’ असा सल्ला सध्या फिरत आहे. पॉवर सप्लाय म्हणजे संगणकाच्या भागांना वीज पुरवणारा डबा. हा सल्ला वॅट आणि खूण अशा दोन्ही बाजूंनी अपुरा आहे. इंटेलच्या कोअर आय९-१३९००के या प्रोसेसरची मूळ शक्ती १२५ वॅट असली, तरी टर्बो स्थितीत, म्हणजे वेग वाढवून चालताना, ती २५३ वॅटपर्यंत जाते, हे कंपनीनेच जाहीर केलेले आहे; ग्राफिक्स कार्डाचा भार त्याहून वेगळा. ८० प्लसची खूण (गोल्ड ही तिची एक श्रेणी) केवळ कार्यक्षमता सांगते, म्हणजे घेतलेल्या विजेपैकी किती संगणकाला मिळते आणि किती उष्णता होऊन वाया जाते एवढेच. आतले कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारे भाग) किती वर्षे टिकतील, किंवा शॉर्टसर्किट झाल्यास पुरवठा वेळीच तुटेल का, हे ती सांगत नाही, आणि माझ्या मते खरी विश्वासार्हता तेथेच ठरते. लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यातील अँपिअर आधी वाचावेत, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः त्यावरच चालतात: तेथे एकूण २५ अँपिअर असतील, तर खोक्यावर काहीही छापलेले असले तरी त्यांच्या वाट्याला (१२ × २५) ३०० वॅटच येतात. मोठ्या वॅटचा सप्लाय सतत जास्त वीज खातो, ही भीती मात्र निराधार आहे. तो संगणकाच्या मागणीइतकीच वीज पुरवतो.