चूक झाली तर जायचं कुठे?

आमच्या टीममध्ये दोन पंथ आहेत. एक ‘उडी मारा’ पंथ, दुसरा ‘उडी मारणं पाप’ पंथ. उडी म्हणजे प्रोग्रामचा सरळ क्रम सोडून थेट दुसऱ्या ओळीवर जाणं. दोघांच्या मधल्या टेबलावर मी बसतो, आणि कोड लिहायचा असतो मला.

काम काय, तर एका परदेशी बँकेचा मेनफ्रेमवरचा, म्हणजे अवजड संगणकावरचा, असेंबलर (यंत्राच्या जवळची भाषा) कोड हिंजवडीत बसून सांभाळायचा. कोड माझ्याहून वयाने मोठा, त्यामुळे त्याला अहो-जाहो करावं लागतं. त्यात जागोजागी एकच कथा : सिस्टिमकडे काहीतरी मागा, रजिस्टर १५ या प्रोसेसरच्या कप्प्यात रिटर्न कोड, म्हणजे काम जमलं की नाही ते सांगणारा आकडा, बघा, शून्य असेल तर पुढे चला. नसेल तर? इथून भांडण सुरू.

उडीपंथाचे प्रमुख आमचे काका. निवृत्तीला आलेत, पण हेक्साडेसिमल बेरजा अजून तोंडी. “अरे, शून्य नाही ना? मग बीएनझेड मार आणि एरर लेबलला जा. चर्चा कसली करतोस?” (बीएनझेड म्हणजे ‘शून्य नसेल तर उडी’, लेबल म्हणजे कोडमधल्या जागेचं नाव.) रिटर्न कोड ०, ४, ८, १२ असे चाराच्या पाढ्यात का, हेही त्यांनीच सांगितलं. ब्रांच, म्हणजे उडीची, इन्स्ट्रक्शन चार बाइटची. त्यामुळे रिटर्न कोड जसाच्या तसा ब्रांचच्या तक्त्यात वापरता येतो. चूक कोणती हे कळतं आणि उडी कुठे मारायची तेही. मला तर ही कल्पना फारच आवडली. पण हे मोठ्याने बोलायचं नाही, कारण पलीकडे टीम लीड मॅडम.

मॅडम सुरुवात करतात ती १९६८ पासून : संगणकशास्त्रज्ञ डायकस्ट्राचं गो-टूविरुद्धचं, म्हणजे उडीच्या आज्ञेविरुद्धचं, पत्र. त्याचं जहाल शीर्षक संपादक निकलाउस विर्थने दिलं होतं, असं काकांनी मध्येच घालायचं, अशी आमच्याकडे प्रथा आहे. इफ, एल्स, एंडइफचे मॅक्रो (एका ओळीतून बराच कोड तयार करणारे साचे) पैसे मोजून घेतलेत ते वापरा, हा मॅडमचा आदेश. हे मॅक्रो आतून शेवटी ब्रांचच तयार करतात, पण अप्रेझल जवळ आलं असताना असले विचार मनातही आणू नयेत.

तर मॅडमच्या पंथात फाइल उघडली का, इफ. मेमरी मिळाली का, त्याच्या पोटात इफ. टेबल लोड झालं का, त्याच्याही पोटात. कोड उजवीकडे सरकत सरकत कॉलम ७१ ला टेकतो, आणि असेंबलरमध्ये कॉलम ७२ म्हणजे लक्ष्मणरेषा. तिथे एक अक्षर पडलं की पुढची ओळ आधीच्याच ओळीचा भाग. मॅडमच्या लाडक्या मॉड्यूलमध्ये शेऱ्याचं (कॉमेंटचं) शेवटचं अक्षर नेमकं तिथे सांडलं. खालची इन्स्ट्रक्शन शेऱ्यात जमा झाली, प्रोग्रामातून गायब.

काकांनी तो दिवस सणासारखा साजरा केला. त्यांच्या कोडमध्ये चूक झाली की तीन नंबरचं लेबल टेबल सोडतं, तिथून घरंगळत दोन नंबरला आलं की मेमरी परत, एक नंबरला फाइल बंद. उलट्या क्रमाने सगळी आवराआवर, एकाही इफशिवाय. देखणं काम! फक्त फाइल बंद करणारा क्लोजही जाता जाता रजिस्टर १५ मध्ये स्वतःचा रिटर्न कोड ठेवून जातो. फाइल सुरळीत बंद झाली, म्हणजे शून्य. चूक सांगणारे मूळचे आठ पुसले गेले. रात्री जॉब आपटला आणि सकाळी रिपोर्टात सगळं आलबेल. त्या दिवशी सण मॅडमकडे होता.

“काहीच न करणाऱ्या प्रोग्रामलासुद्धा हे जमलं नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. खरंच आहे. आयबीएमचा आयईएफबीआर१४ नावाचा प्रोग्राम फक्त परत जातो. मूळ रूपात एकच इन्स्ट्रक्शन, आणि तीत बग! रजिस्टर १५ शून्य करायचं राहिलं होतं. मग आणखी एक इन्स्ट्रक्शन घालून कोड दुप्पट करावा लागला.

माझ्यापुरतं मी ठरवलंय : काम मॅक्रोने, चूक झाली की उडी, आणि उडी पडल्या पडल्या आधी १५ सुरक्षित ठेवायचं. परवाच्या मॉड्यूलमध्ये प्रत्येक इफच्या पोटात मी एकच ओळ ठेवली, एरर लेबलला जाणारी. रिव्ह्यूत दोघांनीही पास केलं. मॅडमना इफ दिसला, काकांना उडी.