कातावीच्या सहलीबद्दलच्या तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार सर,

स्टार दोनच दिलेत, पण लिहिलंत सविस्तर, म्हणून उत्तरही जरा ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एवढे पैसे मोजून टांझानियातल्या कातावी राष्ट्रीय उद्यानात गेलो, गेंडा नाही, बिबट्या नाही, त्से-त्से माश्यांनी फोडून काढलं, हिप्पोंचा वास सहन होईना, मोबाईलला रेंज नाही, चार दिवस दुसरी गाडी दिसली नाही. सबब निम्मे पैसे परत करा.

कातावीत गेंडा नाहीच. माहितीपत्रकात तसं स्पष्ट छापलं आहे. गेंड्यासाठी टांझानियातल्याच न्गोरोंगोरो विवरात जावं. बिबट्या आहे, पण तो दिसेलच असं कुणी लिहून देत असेल, तर त्याच्याकडे बुकिंग करू नका.

माश्यांचं मात्र खरं आहे. झाडीतून जाताना त्या चालत्या गाडीच्या मागे लागतात आणि निळ्या-काळ्या कपड्यांवर हमखास बसतात. डासांच्या मलमाला त्या फारसं जुमानत नाहीत. म्हणूनच निघण्याआधीच्या मीटिंगमध्ये खाकी, मातकट कपडे घ्या असं सांगितलं होतं. (तुमच्या फोटोत निळी जीन्स दिसते आहे.) याच माशीच्या रोगाने तिथे गुरं टिकत नसत, त्यामुळे गुराखी फारसे आत शिरले नाहीत आणि जंगल शाबूत राहिलं.

आता वास. कोरड्या हंगामाच्या अखेरीस कातुमा नदी आटते आणि उरलेल्या चिखलात शेकडो हिप्पो एकमेकांना खेटून पडतात. तिथेच शेण, तिथेच मारामाऱ्या. मगरी काठावरच्या बिळांत शिरून बसतात. लोक त्या दिवसांत जातात ते हेच बघायला. वास वगळून ते दाखवायची सोय आमच्याकडे नाही. पाऊस झाल्यावर गेलात तर वास नसेल, पण हिप्पो पांगलेले असतील आणि रस्तेही चिखलात जातील.

रेंज नसणार हेही आधी कळवलं होतं.

खर्चाबद्दल लिहितो. उद्यान ४,४७१ चौरस किलोमीटरचं, टांझानियाच्या पश्चिम टोकाला. उत्तरेकडच्या अरुशा शहराहून लहान विमान, तेही रोज नाही. डिझेलपासून तांदळापर्यंत सगळं लांबून आणावं लागतं आणि तो खर्च मोजक्या पाहुण्यांवर वाटला जातो. टांझानियातलंच सेरेंगेटी उद्यान स्वस्तात झालं असतं, हे तुमचं म्हणणं बरोबर. पण तिथे हंगामात एका सिंहाभोवती ताडोबातल्या जिप्सींसारखी गाड्यांची गर्दीही मिळाली असती. दुसरी गाडी न दिसणं तुम्ही तक्रारीत लिहिलंत. कातावीला जाणारे बाकीचे लोक नेमके त्यासाठीच पैसे भरतात.

ठरल्याप्रमाणे विमान, तंबू, गाडी, गाईड सगळं मिळालं, त्यामुळे परतावा देता येणार नाही. पुढच्या वेळी गेंडा बघायचा असेल तर ऑफिसात या, न्गोरोंगोरोची वेगळी सहल बसवून देऊ. तिथे मोबाईल बऱ्याच ठिकाणी लागतो.