टोरंटोच्या मेयरबद्दलचा तो फॉरवर्ड: पीआरवाल्यांनो, कृपा करून मत द्यायला जाऊ नका

माझा मावसभाऊ टोरंटोतल्या स्कारबरोत राहतो, पीआर (म्हणजे नागरिक न होता कॅनडात कायम राहायचा परवाना) मिळून फार काळ झालेला नाही. त्याचा फोन आला, "ताई, मेयरच्या निवडणुकीला लीजची कॉपी पुरेल ना, की हायड्रोचं (विजेचं) बिलपण न्यायचं?" मी म्हटलं कुठलं मतदान, तू अजून सिटिझन कुठे झालायस? तर म्हणे आता पीआरलाही चालतं, ग्रुपवर आलंय, सगळे म्हणतायत. मग त्याने तो मेसेज पाठवला. त्यानंतर दोन दिवसांत तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर आला, त्यातल्या एका ग्रुपवर तर खाली नमस्काराचे हात आणि "खूप छान माहिती" असं लिहून लोक पुढे ढकलतायत. म्हणून हे लिहायला बसले.

ज्यांना आला नसेल त्यांच्यासाठी, मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: टोरंटोचा महापौर आधी इंग्लंडची राणी नेमायची आणि लोकांनी निवडायला १९९८ पासून सुरुवात झाली, पहिला महापौर राणीचा एकनिष्ठ इंग्रज सरदार होता, हे पद मुंबईच्या महापौरासारखं शोभेचं आहे, २०२३ पर्यंत या खुर्चीवर बाहेरून आलेला माणूस कधी बसलाच नाही, एक बाई सलग ३६ वर्षं टोरंटोची महापौर होती, आणि शेवटी, "आता पीआर धारकांनाही हा हक्क मिळाला आहे, भाडेकरार दाखवा आणि मत द्या."

शेवटचंच आधी घेते, कारण बाकीचा इतिहास चुकला तर कुणाचं काही बिघडत नाही, पण या एका ओळीने माणसं खरोखर अडचणीत येतील.

टोरंटो ज्या ऑन्टारियो प्रांतात आहे तिथल्या सगळ्या शहरांच्या निवडणुका म्युनिसिपल इलेक्शन्स अ‍ॅक्ट, १९९६ या कायद्याने होतात. त्याचं कलम १७ वाचा, सरकारच्या वेबसाइटवर फुकट आहे, दोन मिनिटं लागतात. मत कोण देऊ शकतं? जो कॅनडाचा नागरिक आहे, १८ वर्षं पूर्ण झालेला आहे, आणि त्या शहरात राहतो किंवा तिथे त्याची किंवा त्याच्या नवराबायकोची मालकीची किंवा भाड्याची जागा आहे. नागरिक ही अट आहेच, तिला पर्याय नाही. पीआर, वर्क परमिट, स्टुडंट व्हिसा, कुणालाच मत नाही, आणि हे फक्त टोरंटोत नाही तर मिसिसागा, ब्रॅम्प्टन, ऑटवा, सगळीकडे तसंच आहे.

मग भाडेकराराचं कुठून आलं? तर अर्धवट खऱ्यातून. वर बघा, जागा भाड्याने असली तरी चालते असं कायदाच म्हणतो. म्हणजे एखादा नागरिक राहतो ओकव्हिलला पण त्याचा कॉन्डो टोरंटोत आहे, तर तो टोरंटोतही मत देऊ शकतो. दुसरं म्हणजे मतदान केंद्रावर जे ओळखपत्र मागतात ते नाव आणि पत्ता दिसणारं असावं लागतं, त्यात ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, लीज चालते, बँकेचं स्टेटमेंट चालतं, हायड्रोचं बिल चालतं. पासपोर्ट किंवा सिटिझनशिपचं सर्टिफिकेट दाखवाच असं कुणी म्हणत नाही. मेसेज लिहिणाऱ्याने यातून काढलेला अर्थ असा की सिटिझनशिप लागतच नाही. अहो, लागते, फक्त ती तुमच्या सहीवर विश्वास ठेवून मान्य केली जाते. यादीत नाव नसेल तर टेबलावरची व्यक्ती एक फॉर्म पुढे करते, त्यावर आपण मतदानाला पात्र आहोत, नागरिक आहोत, असं तुम्ही लिहून देता आणि खाली सही करता. रांगेत मागे लोक उभे असतात, फॉर्म इंग्रजीत, नवीन आलेला माणूस दाखवलं तिथे सही करून मोकळा होतो. आणि त्या क्षणी त्याने खोटं लिहून दिलेलं असतं.

हक्क नसताना मत देणं हा त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. दंड २५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो, आणि जाणूनबुजून केलं असं ठरलं तर सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. प्रत्येकाला एवढी शिक्षा होईल असं मी म्हणत नाही. पण जो माणूस पुढे सिटिझनशिपचा अर्ज भरणार आहे, ज्याला एकेका दिवसाचा हिशोब सरकारला द्यायचाय, त्याने "मी नागरिक आहे" असं खोटं सही करून सरकारी कागदावर ठेवायचं? कशासाठी, तर ग्रुपवरच्या कुणी तरी काका-काकूंनी न वाचता फॉरवर्ड केलं म्हणून? आणि "आम्हाला आला तसा पुढे पाठवला" हे उत्तर मला पटत नाही. सही करणारा तो पोरगा अडकणार आहे, पाठवणारे नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागेल. पीआरना शहराच्या निवडणुकीत मत द्यावं अशी मागणी खरी आहे आणि जुनी आहे. २०१३ मध्ये टोरंटोच्या कौन्सिलने (निवडून आलेल्या नगरसेवकांच्या सभेने) अगदी काठावरच्या मतांनी ठराव करून प्रांत सरकारला तशी विनंतीही केली होती. माझंही मत तेच आहे, जो प्रॉपर्टी टॅक्स भरतो, टीटीसीने (शहराच्या बस-सबवेने) जातो, मुलांना इथल्या शाळेत घालतो त्याला शहरापुरतं तरी मत असावं. पण विनंती केली म्हणजे कायदा झाला असं नसतं. कायदा बदलणं प्रांताच्या हातात आहे आणि प्रांताने तो बदललेला नाही. पुढची निवडणूक २६ ऑक्टोबर २०२६ ला आहे, तोपर्यंत हा मेसेज अजून किती फिरेल कोण जाणे.

आता इतिहासाकडे.

राणी नेमायची, हे कुठून काढलं मला कळत नाही. यॉर्क नावाचं गाव ६ मार्च १८३४ ला टोरंटो नावाचं शहर झालं, तेव्हा गादीवर राणी नव्हतीच, चौथा विल्यम राजा होता, व्हिक्टोरिया १८३७ मध्ये आली. आणि राजानेही महापौर नेमला नाही. शहराचे पाच वॉर्ड होते, प्रत्येक वॉर्डातून दोन आल्डरमन आणि दोन कौन्सिलमन निवडून यायचे, आणि ही वीस माणसं आपल्यातल्या एकाला मेयर करायची. म्हणजे आपल्याकडे नगरसेवक महापौर निवडतात साधारण तसंच. मत अर्थात फक्त मालमत्ता किंवा ठरावीक भाडं असलेल्या पुरुषांनाच होतं, ते काही आदर्श वगैरे नव्हतं. थेट लोकांनी निवडलेला पहिला मेयर अ‍ॅडम विल्सन, १८५९ मध्ये. मग १८६७ ते १८७३ पुन्हा कौन्सिलनेच मेयर निवडला, आणि १८७४ पासून आजपर्यंत थेट निवडणूक. म्हणजे मेसेजवाल्याची सव्वाशे वर्षं चुकली. १९९८ ला झालं ते वेगळंच, टोरंटो, नॉर्थ यॉर्क, स्कारबरो, इटोबिको, यॉर्क आणि ईस्ट यॉर्क ही सहा गावं प्रांत सरकारने लोकांच्या विरोधाला न जुमानता एकत्र केली आणि त्या मोठ्या शहराचे पहिले मेयर झाले मेल लास्टमन, जे त्याआधी पंचवीसेक वर्षं नॉर्थ यॉर्कचे मेयर होते. आजच्या हद्दीचं पद १९९८ चं आहे, एवढंच त्यात खरं.

पण "राणीचा एकनिष्ठ इंग्रज सरदार" वाचून मला खरंच राग आला, कारण ज्या माणसाबद्दल हे लिहिलंय त्याच्या डोक्यावर याच राजवटीने १००० पौंडांचं इनाम लावलं होतं!

पहिला मेयर विल्यम लायन मॅकेंझी. इंग्रज नाही, स्कॉटिश, डंडीजवळचा, गरीब घरातला, १८२० मध्ये नशीब काढायला इथे आला. इथे 'कलोनियल अ‍ॅडव्होकेट' नावाचं वर्तमानपत्र काढलं आणि सत्ता, जमिनी, नोकऱ्या सगळं आपसात वाटून घेणाऱ्या बड्या घराण्यांवर इतकं तिखट लिहिलं की १८२६ मध्ये त्या घराण्यांतल्या तरुण पोरांनी भरदिवसा त्याच्या छापखान्यात घुसून प्रेस मोडली आणि छपाईच्या अक्षरांचे खिळे उचलून तळ्यात फेकले. त्याने कोर्टात भरपाई मिळवली आणि त्याच पैशांवर पेपर पुन्हा उभा केला. विधानसभेत लोक त्याला निवडून द्यायचे, सत्ताधारी त्याला हाकलायचे, लोक परत निवडून द्यायचे, असं एकदा नाही अनेकदा झालं. असा माणूस १८३४ मध्ये मेयर झाला. एकच वर्ष होता, आणि त्या वर्षी शहरात कॉलरा पसरला, तिजोरीत पैसे नाहीत, रस्ते चिखलाचे. पुढच्या वर्षी त्याचा गट हरला आणि रॉबर्ट बाल्डविन सलिव्हन मेयर झाला.

डिसेंबर १८३७ मध्ये मॅकेंझीने शेतकरी आणि कारागीर जमवून सशस्त्र उठाव केला. यंग स्ट्रीटवर माँटगोमेरीच्या खानावळीपाशी लोक जमले, तिथून शहरावर चालून जायचं ठरलं होतं. उठाव काही दिवसांत मोडला. दोन साथीदार फासावर गेले, मॅकेंझी नायगाराच्या बाजूने निसटून अमेरिकेत गेला, तिथेही तुरुंग भोगला, माफी मिळाल्यावर परत आला आणि १८५१ मध्ये पुन्हा निवडून आला. १८६१ मध्ये बाँड स्ट्रीटवरच्या घरात वारला, ते घर आज म्युझियम आहे, सबवे स्टेशनपासून चालत जाता येतं. टोरंटोत राहणाऱ्यांनी तरी एकदा जाऊन या.

शोभेचं पद? मुंबईत महापौराच्या हातात फारसं काही नसतं, कारभाराची सत्ता १८८८ च्या कायद्याने आयुक्ताकडे आणि आयुक्त राज्य सरकार पाठवतं. टोरंटोत सिटी मॅनेजर असतो पण तो शहराचाच नोकर आहे. हे खरं की मेयरला बराच काळ कौन्सिलमध्ये बाकीच्यांसारखं एकच मत होतं, आणि म्हणूनच नोव्हेंबर २०१३ मध्ये तेव्हाचे मेयर रॉब फोर्ड यांच्या ड्रग्ज प्रकरणानंतर कौन्सिलने त्यांचं बजेट आणि बरेचसे अधिकार डेप्युटी मेयरकडे दिले. पदावरून मात्र कौन्सिल त्यांना काढू शकलं नाही, तशी तरतूदच नव्हती. २०२२ मध्ये उलट झालं, प्रांताने मेयरला व्हेटो दिला, सिटी मॅनेजर नेमायचा अधिकार दिला, बजेट मांडायची जबाबदारी दिली, आणि व्हेटो मोडायचा तर कौन्सिलची दोन तृतीयांश मतं लागतात. पोलिस प्रमुख मात्र त्याला परस्पर नेमता-काढता येत नाही, ते पोलिस बोर्डाचं काम.

मुंबईशी साम्य शोधायचंच तर ते वरच्या सरकारच्या जबरदस्तीत आहे, आणि तिथे मेसेजवाल्याला अर्धा मार्क देते. २०१८ मध्ये ऐन निवडणुकीचा प्रचार चालू असताना डग फोर्ड यांच्या प्रांत सरकारने टोरंटोच्या कौन्सिलच्या जागा ४७ वरून २५ केल्या. उमेदवार दारोदार फिरत होते आणि त्यांचे वॉर्डच गायब झाले. शहर सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि २०२१ मध्ये ५ विरुद्ध ४ ने हरलं, कारण राज्यघटनेप्रमाणे शहरं प्रांताच्या अखत्यारीत येतात. मला हा निकाल तेव्हाही अन्यायाचा वाटला, आजही वाटतो.

३६ वर्षंवाल्या बाई म्हणजे हेझल मकॅलियन, आणि त्या मिसिसागाच्या मेयर होत्या, १९७८ ते २०१४. टोरंटोची पहिली महिला मेयर जून रोलँड्स, १९९१.

राहिलं "बाहेरून आलेला कधी बसलाच नाही". पहिलाच मेयर बोटीतून उतरलेला, तेव्हा हे म्हणणं तिथेच संपलं. पण यामागे जो सल आहे तो खोटा नाही. शंभराहून जास्त वर्षं ही खुर्ची बहुतेक करून प्रोटेस्टंट, आणि त्यातही ऑरेंज ऑर्डर नावाच्या संघटनेशी बांधलेल्या माणसांकडेच फिरत राहिली. ती साखळी तुटली १९५५ मध्ये, नेथन फिलिप्स मेयर झाले तेव्हा, टोरंटोचे पहिले ज्यू मेयर, सिटी हॉलपुढच्या चौकाला त्यांचंच नाव आहे. त्याच्याही आधी विल्यम पेटन हबर्ड होऊन गेले, अमेरिकेतल्या गुलामीतून सुटून आलेल्या कृष्णवर्णीय आईवडिलांचा मुलगा, १८९४ पासून वर्षानुवर्षं निवडून येत राहिले आणि मेयर नसताना हंगामी मेयर म्हणून कामही पाहिलं. गोरी नसलेली व्यक्ती स्वतः मेयर म्हणून निवडून यायला मात्र २०२३ उजाडावं लागलं, तेव्हा हाँगकाँगमध्ये जन्मलेल्या ऑलिव्हिया चाउ १०२ उमेदवारांमधून निवडून आल्या.

आणि मावसभावाला जे सांगितलं ते इथेही सांगते. पीआर असताना मत नाही, पण उमेदवाराच्या प्रचारात काम करता येतं, ऑन्टारियोत राहत असाल तर ठरलेल्या मर्यादेत देणगीही देता येते, आणि सिटी हॉलच्या कमिटीसमोर आधी नाव नोंदवून आपल्या बसरूटबद्दल, भाड्याबद्दल, बजेटबद्दल काही मिनिटं बोलता येतं. तिथे बोलायला सिटिझन असावं लागत नाही.